शिट्टी

"माझ्या पोराला अग्नी मिळेस्तोवर चूल पेटवू नकोस गं," सासूबाईंनी मिरजेहून शर्वरीला फोनवर बजावलं होतं.

पण फ्रान्सभर संप होता. स्मशानातले कामगारही संपावर, त्यामुळे तिचा नवरा अजून इस्पितळाच्या शवागारातच पडून होता. या परक्या गावात ओळख काय ती शेजारच्या मार्गोची. ती रोज सूप आणून द्यायची, पण आज तीही मोर्च्याला गेली होती.

"आई, गरम भात दे ना," तापानं फणफणलेली लेक पुटपुटली.

शर्वरीनं नवऱ्याच्या फोटोकडे पाठ केली आणि कुकर लावला.

शिट्ट्या होत असतानाच सासूबाईंचा फोन आला.

"कुकर वाजतोय? म्हणजे मिळाला अग्नी! सुटलं गं माझं पोर. आता आम्हीही चूल पेटवतो."

शर्वरीला 'नाही' म्हणवलं नाही.