शेवकेतकडचा घेवडा

नेरिमान दार ढकलून आत आली तेव्हा शेवकेत उस्तादाच्या खानावळीत दुपारची गर्दी व्हायला अजून अवकाश होता. वाढप्याने बाईमाणूस पाहिलं आणि जिन्याकडे हात केला. खाली बाजारातले पुरुष जेवतात, बायका आणि कुटुंबं वर माडीवर, कठड्यामागे. आमच्या तांबटआळीत हे कुणाला सांगावं लागत नाही. जिना चढण्याआधी तिने वाफाळत्या पातेल्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे. बाकी काही नको."

कोकराच्या मटणात शिजवलेला पांढरा घेवडा. या घेवड्याने आपला संसार नासवला, असं नेरिमानचं ठाम मत होतं.

तिचा नवरा रिफात रजया शिवतो, दुकान याच आळीत. रोज दुपारी तो इथे जेवायचा आणि रात्री घरी तिच्यासमोर मान खाली घालून मुक्यासारखा. चव कशी झालीय विचारलं तर "ठीक." कधी उमाळा आलाच तर, "आज शेवकेतने घेवडा काय केला होता." हेही तिने वर्षानुवर्षं गिळलं होतं. पण काल त्याने हद्द केली. रविवारी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा, नालानचा साखरपुडा. व्याही पहिल्यांदाच घरी जेवणार, आणि हा बाबा सांगतो की जेवण शेवकेतकडून येईल, तू चुलीला हात लावू नकोस. का, ते नाही सांगितलं. नेरिमान रात्रभर भिंतीकडे तोंड करून रडली. व्याह्यांपुढे मांडण्याच्या लायकीचा आपला हात नाही, हे तिला या वयात कळलं होतं.

त्या घेवड्यात एवढं आहे तरी काय, ते एकदा जिभेवर ठेवून बघायचं म्हणून ती आली होती. रिफात नमाज आटोपून जेवायला येतो. त्याच्या आत उठून जायचं.

माडीवर ती एकटीच होती. तिने पहिला चमचा तोंडात घातला. साल शाबूत, आत लोण्यासारखा मऊ, रस्सा दाट. चांगला होता मेल्याचा हात. दुसरा चमचा तिने परीक्षकासारखा सावकाश खाल्ला. टोमॅटो जरा जास्त, लोणी आखडत्या हाताने घातलेलं. चांगला होता, पण तिच्यापेक्षा चांगला नव्हता. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं, ते राहिलं बाजूला, उलट जिव्हारीच लागलं. म्हणजे घेवड्याचा दोष नव्हता. नवऱ्याला तिच्याच हातचं नको होतं.

तेवढ्यात खालून रिफातचा आवाज आला. रविवारचं सांगायचं म्हणून स्वारी आज लवकर आली होती. नेरिमान कठड्यापासून मागे सरली. रात्री मोजून तीन शब्द बोलणारा हा माणूस खाली सगळ्यांची विचारपूस करत होता, कल्हईवाल्या दुरसुनच्या नव्या टोपीची टर उडवत होता. हा आवाज तिने लग्नाआधी ऐकला असेल तेवढाच.

"चाळीस माणसांचं कर," तो शेवकेतला म्हणाला. "आणि लोणी जरा सढळ हाताने घाल. आमच्याकडे कसं घालतात ते तुला किती वेळा सांगितलंय."

शेवकेतने डाव आपटला. रोज माझंच खायचं आणि रोज बायकोच्या घेवड्याचे पोवाडे गायचे, असा माणूस अख्ख्या बाजारात दुसरा नाही, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. मग दुरसुनने विचारलं की बाबा रे, बायको एवढी सुगरण आहे तर व्याह्यांना याचा घेवडा कशाला?

"तिने केलं तर ती सबंध दिवस चुलीपाशी," रिफात म्हणाला. "लोक हात धुवून उठतील तेव्हा ही घामेजलेली बाहेर येणार आणि उरलंसुरलं खाणार. आयुष्यभर तेच केलंय तिने. एकुलती एक पोर आहे आमची. त्या दिवशी तिच्या आईने चांगले कपडे घालून विहीणबाईंच्या शेजारी बसायचं. जेवण थोडं बिघडलं तरी चालेल."

"हे तिला सांगितलंस?" शेवकेतने विचारलं.

"घरी असलं कोण बोलतं?"

दुरसुनने मान डोलावली. शेवकेतनेही डोलावली. सगळ्यांना ते अगदी रास्त वाटलं.

वर नेरिमानने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. तिला भरून आलं होतं आणि संतापही आला होता. दोन्हींतलं जास्त काय होतं ते तिलाच कळत नव्हतं. तोंड उघडायला काय धाड भरली होती याला? ताट तसंच टाकून ती उठली.

जिन्यावर पावलं वाजली तशी सगळ्यांनी वर पाहिलं. रिफातच्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला. जेवत्या माणसाने टेबलापाशी आलेल्याला जेवायला बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. ती त्याच्या अंगात इतकी मुरलेली होती की तो अर्धवट उठून स्वतःच्याच बायकोला म्हणाला, "या, बसा."

नेरिमानने खुर्ची ओढली आणि पुरुषांच्या टेबलावर, बरोबर त्याच्या समोर बसली. दुरसुन टोपी काढून तिचं अस्तर बघू लागला. रिफातने उगाच मीठ उचललं, खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"मघाशी काय सांगत होतात?" ती म्हणाली. "मी इथे नाही असं समजा, आणि पुन्हा सांगा."