हिराचे दोन डबे

यासीनभाईंनी बेकरीचं शटर आतून खाली ओढलं आणि सुवार्ताबाईंचा जीव टांगणीला लागला. भट्टीत केक, आणि बाहेर मोटरसायकली थांबल्याचा आवाज.

नाताळच्या आठवड्यात कालवलेलं पीठ डब्यांत भरून या भट्टीवर आणायचं, ही हडपसरच्या त्या वस्तीतल्या सगळ्या ख्रिस्ती घरांची रीत. पाव निघाले की उरलेल्या धगीवर केक. आणि केक भाजून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. सुवार्ताबाईंच्या सासूबाई म्हणायच्या, भट्टीतला केक आणि पाळण्यातलं पोर, दोघांना एकटं सोडू नये. एरवी या दिवसांत बेकरीतल्या बाकावर टेकायला जागा मिळायची नाही. यंदा बाकावर बाई एकट्या.

परवा चॅपलची काच फुटली. दगड मारताना कोणी कोणाला पाहिलं नाही, पण कोणी मारला हे मात्र सगळ्यांना ठाऊक! काल मशिदीच्या गल्लीतल्या फळवाल्याची गाडी उलटली. तीही आपोआपच उलटली असणार. आणि आज सकाळी बायकांच्या ग्रुपवर शेजारच्या हिराचा संदेश आला: त्यांच्या भट्टीवर कोणीही जायचं नाही, आपल्या पोटात काय घालतील नेम नाही.

तोवर सुवार्ताबाईंचं पीठ कालवून झालेलं. आता कालवलेलं पीठ काय ग्रुप वाचून थांबतं होय? त्या भीतभीत निघाल्या, तर मागच्या दाराशी हीच हिरा उभी. पदराखाली तिचे नेहमीचे दोन डबे. तिच्या आमोदच्या लहानपणीचे, दुधाच्या पावडरीचे.

"तू जाणारच, मला माहितेय. माझेही ने," ती म्हणाली. "पण माझं नाव घेतलंस तर बघ. आमोदला कळलं तर घर डोक्यावर घेईल."

आता बाहेर कोणीतरी शटरवर लाथ मारली.

"कोण आहेत हो?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"तुमचे असतील," यासीनभाई म्हणाले. "नाहीतर आमचे. काल दोघं येऊन बजावून गेले, त्यांचे केक भाजलेस तर तुझी खैर नाही."

त्यांच्या हातात भट्टीतला निखारे ओढायचा लांब लोखंडी गज होता. लग्न होऊन आल्यापासून बाई या माणसाला ओळखत होत्या. पण त्या घटकेला त्यांची नजर त्या गजावरून हलेना. आपण कसं बघतोय ते त्याला कळलं, हे त्यांनाही कळलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

यासीनभाईंनी गज भिंतीला टेकवून ठेवला.

"मागच्या दारानं निघा, बाई. तुम्ही इथे सापडलात तर दोन्हीकडचे माझ्यावर येतील."

बाई उठल्या. दार चार पावलांवर होतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"ए म्हाताऱ्या, शटर उघड! नाहीतर आतल्या आत भाजून काढतो तुला!"

हा आवाज दर रविवारी चॅपलमध्ये त्यांच्या मागच्या बाकावरून गाणी म्हणायचा. हिराचा आमोद! कडेवर घेऊन फिरवलेलं पोर.

शटरच्या खालच्या फटीतून पेट्रोलचा वास आत यायला लागला. भट्टीच्या तोंडाशी ओढलेले निखारे अजून लालभडक. यासीनभाई त्या फटीकडे बघत नुसते उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. बाईंनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, मग शटरजवळ गेल्या.

"आमोद, मी सुवार्ताकाकू."

बाहेरचा गलका बंद झाला.

"काकू? तुम्ही आत काय करताय? बाहेर या. तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

"येते की. केक व्हायचाय अजून."

"केक राहू द्या, काकू! या माणसाच्या हातचं खाणार तुम्ही?"

बाईंनी डोळे मिटले. शब्द दिला होता हिराला. आता देवानं माफ करावं, हिरा काही करायची नाही.

"मी खाईन नाहीतर ठेवीन," त्या म्हणाल्या. "तुझं काय ते तू बघ. तुझ्या आईचेही दोन डबे आहेत भट्टीत."

"खोटं बोलू नका."

"तुझ्या दुधाच्या पावडरीचे डबे, बाळा. मी तुला चांगलं ओळखते, तसे तेही ओळखते."

"काय झालं रे?" बाहेर दुसऱ्या कोणीतरी विचारलं. "टाकायची ना बाटली?"

आत भट्टीतून भाजल्या केकचा वास सुटला होता, पेट्रोलच्या वासात मिसळत होता. बाईंनी शटरला हात टेकला.

मग शटरच्या पलीकडे, पायरीवर काचेची बाटली ठेवल्याचा आवाज आला. हळू, जपून, थेंबही सांडू नये अशी ठेवलेली.