कॅमेऱ्यातलं दार

बाबांचा जुना लॅपटॉप भंगारात द्यायला संपदाचं मन होईना. सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्याच खोलीत बसून तिने सगळी डिस्क पुसली आणि लिनक्स टाकलं. लॅपटॉप सुरू झाला.

कॅमेरा चालतो का, ते तिने पाहिलं. पडद्यावर ती दिसली आणि तिच्यामागे खोलीचं बंद दार.

तिने वळून पाहिलं. दार तर सताड उघडं होतं. पलीकडे हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

"ताई, कडी का लावलीस? सोड तो लॅपटॉपचा डबा! आई ताटावर बसून राहिलीये, तुझ्याशिवाय घास घेत नाही."

धाकट्या चंदनचा आवाज लॅपटॉपमधून येत होता.

"चंदन, मी इथे आहे!" ती ओरडली.

पडद्यावरची संपदा ओरडली नाही. "आले रे," म्हणत ती उठली आणि तिने लॅपटॉप मिटला.

भर दुपारी खोलीत अंधार झाला.