शुक्रवारची पाहुणी

चौथ्या शुक्रवारीही फरझानाबींनी तोच अरबी कागद रमीजपुढे ठेवला.

"वाच रे बाबा. काय म्हणतात आमचे?"

रोह्याबाहेरच्या त्या धार्मिक विद्यापीठात शुक्रवारची दुपार भेटीची. नमाजानंतर आईबाप येत, झाडांखाली डबे उघडत. रमीजकडे तीन वर्षांत कुणी आले नव्हते. म्हणून वसतिगृहाच्या प्रमुखांनी त्याला व्हरांड्यात बसवले होते. आखातातून आलेले अरबी कागद गावकऱ्यांना वाचून दाखवायचे, एवढेच काम. माणसे अर्थ घेऊन निघून जात. पेणच्या फरझानाबी मात्र थांबत. फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी सोडून त्याच्यासमोर ठेवत. रमीजच्या खोलीतला साहिल, तोही पेणचाच, दुरून ओरडे, "मौलाना, तुमची पाहुणी आली!"

कागदावर मस्कतचा सरकारी शिक्का होता आणि फरझानाबींच्या पतीच्या मृत्यूची तारीख. पहिल्या शुक्रवारी ते सांगायला रमीजची जीभ रेटली नाही. "तब्येत बरी आहे," तो म्हणाला. दुसऱ्या शुक्रवारी त्याने त्या मृताला रजेचा अर्ज करायला लावला. तिसऱ्या शुक्रवारी समुद्राकाठी नवी खोली दिली.

मग परवा वर्गात इद्दतचा पाठ झाला. पती गेल्यावर विधवेने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडू नये. आणि ही बाई दर आठवड्याला एसटीने रोह्याला येत होती. ते पाप तिचे नव्हते. खरे सांगितले, तर ती पुन्हा येणार नव्हती. दोन दिवस त्याला अन्न गेले नाही.

"चाची," तो म्हणाला, "मी खोटं वाचलं. चाचा..."

"ठाऊक हाय." त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले. "वफात. म्हंजे मौत. लहानपणी कुराण शिकले मी, अक्षर वळखते. अन् हा शब्द काय तुमच्या विद्यापीठातच राहतो? आमच्या घरातपण येतो."

रमीजला मान वर करता येईना. "मग तुम्ही येत कशाला राहिलात?"

"पयल्यांदा वाटलं, मीच चुकले असेन. मग भाकरी खाताना तुझं तोंड बघितलं." त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली. उठताना गुडघ्यावर हात टेकला.

"आता इद्दत सरेपर्यंत यायला जमायचं नाय. भाकरी साहिलच्या आईकडं देत जाईन. एकटा जेवू नको."