सात मिनिटं

लॉकडाऊनमध्ये पाचला दुकानं बंद करायची होती. सलूनवाल्याला एकदा शटर ओढायला सात मिनिटं उशीर झाला, कारण खुर्चीतल्या म्हाताऱ्याची अर्धी दाढी राहिली होती. समोरच्या गॅलरीतल्या काकांनी त्याचा व्हिडिओ काढून थेट तक्रार ठोकली. वर ऐकवलंही, "पाच म्हणजे पाच! नियम सगळ्यांना सारखा."

दुकानाला सील लागलं. दोन महिने तो घरी हात चोळत बसला. लेकीच्या बाहुल्यांचेसुद्धा केस कापून झाले.

सील निघालं, तेव्हा दुकानं एक दिवसाआड, तीही पाचपर्यंतच उघडत होती. पहिल्याच दिवशी साडेचारला काका डोक्यावर जंगल घेऊन हजर.

"उद्या व्हिडिओवर माझा निरोप समारंभ आहे रे. अख्खं ऑफिस बघणार. एकदम बारीक कर."

"बसा काका, तुमचीच वाट बघत होतो."

त्याने कापड झटकलं, गळ्याभोवती बांधलं, सोडून परत बांधलं. मशीन पुसलं, त्याला तेल घातलं. मग डाव्या कानापासून टाळूच्या मध्यापर्यंत अगदी मन लावून सफाचट केलं आणि घड्याळाकडे बघून मशीनची वायर काढली.

"अरे, उरलेलं?"

"पाच वाजले, काका. उरलेलं परवा."

काकांनी आरशात बघत उजवीकडचं जंगल चाचपलं. त्याने शटरला हात घातला.



"उद्या व्हिडिओत तेवढी डावी बाजू पुढे ठेवा."