अंडं न् अंडं

पेंग्विनची घरटी मोजण्यासाठी मी विमानातून त्यांच्या वस्तीचा फोटो काढत होते. "आणखी खाली घे," मी म्हटलं.

"बाई, पाखरं बिथरतील," वैमानिक डेस्मंड म्हणाला.

"तू चालव. मोजणारी मी आहे."

फोटोत अंडं न् अंडं मोजता आलं. आमच्या फॉकलंडच्या सभागृहात तो चाळीस वर्षं मिरवतोय. काल त्याच्यासमोरच माझा सत्कार झाला. शेजारची थर्झा फोटो निरखत म्हणाली, "अगं, लहानपणी आपण अंडी गोळा करायला जायचो, तेव्हा एकेक पेंग्विन ढकलून उठवावा लागायचा. तू एवढे सगळे एकदम कसे गं उठवलेस?"


त्या वर्षी तिथे एकही पिल्लू झालं नाही, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.