बोट मागणारी किल्ली

कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात रालित्साच्या नावावर पुन्हा एक बदल चढला होता, आणि तो तिने केलेलाच नव्हता.

एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिममधलं घड्याळाचं सॉफ्टवेअर पॅकेज ती घरून सांभाळायची. नवी आवृत्ती अपलोड करताना कॉम्प्युटरला खोचलेली तिची यूएसबी सुरक्षा-किल्ली लुकलुकून बोट मागायची. माणसाचं बोट टेकल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. आणि प्लॉवदिव शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये माणसं दोनच.

"माझ्या किल्लीला हात लावलास?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, मला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही!" ओग्न्यान हसला. "बरं, बदल चुकीचा आहे का?"

"अगदी बरोबर आहे. मी केला असता तस्सा. तेच खुपतंय मला."

रविवारी दुपारी बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पाई, करायच्या निमित्ताने तिने त्याला स्वयंपाकघरात समोर बसवलं. दोघांचेही हात मनगटापर्यंत कणकेने माखलेले. उघड्या दारातून पलीकडच्या खोलीतला कॉम्प्युटर दिसत होता. आता बघू, म्हणाली मनाशी, कशी लबाडी करतो ते.

पलीकडे किल्ली लुकलुकू लागली.

दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही. त्या खोलीत कुणीही नव्हतं. लुकलुक थांबली, बोट टेकल्यावर थांबते तशी. अपलोड झाल्याची नेहमीची टिंग वाजली.

"बघ, मी इथेच आहे," ती पुटपुटली.

 ओग्न्यान तिच्या हातांकडे बघत होता.

सगळी बोटं कणकेने भरलेली होती. फक्त उजवी तर्जनी स्वच्छ होती.